माझे बी हितंच हायत की

सोलापूरच्या मंडईत पिग्मीवाली बाई कोण असं विचारलं, तर कुणीही मनकर्णाबाईकडंच बोट दाखवलं असतं. खांद्याला काळी पिशवी, हातात पावती काढायचं छोटं यंत्र, आणि तोंड म्हणाल तर अखंड चालू. भाजीवाल्या, शेंगाचटणीवाले, चपला शिवणारे, सगळ्यांकडून रोज दहा-वीस-पन्नास रुपये घ्यायचे आणि पेठेतल्या नागरी बँकेत भरायचे, हे तिचं काम. वीसेक वर्षं केलं. त्या बँकेचं नाव मी सांगत नाही. पाटी उतरलीय, आता तिला कशाला परत वर चढवायची!

नवीन माणूस पैसे द्यायला कचरला की तिचं ठरलेलं वाक्य असायचं.

"अहो, भिता कशाला? माझे बी हितंच हायत की!"

आणि ते खरं होतं. नवरा हरिदास टॉवेलच्या कारखान्यातनं सुटला तेव्हा मिळालेली सगळी रक्कम तिनं त्याच बँकेत मुदत ठेवीत टाकली होती. कुर्डुवाडीचा भाऊ, जेऊरची नणंद, गल्लीतल्या बचत गटाच्या बायका, सगळ्यांची खाती तिनंच मागं लागून तिथं उघडली. बँक म्हणजे तिला दुसरं माहेर वाटायचं. माहेर कसलं, डोंबल!

पैसे तिजोरीत तसेच पडून नसतात, हे मात्र तिला ठाऊक होतं. मॅनेजर शिवशरण साहेबांनी एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. शंभर रुपये जमा झाले की त्यातले तीन-चार रिझर्व्ह बँकेकडं ठेवायचे, अठराएक सरकारी रोख्यांत गुंतवायचे, बाकीचे कर्जानं वाटायचे. कर्ज घेणारा ते दुकानदाराला देतो, दुकानदार परत बँकेत भरतो, ते पुन्हा कर्जानं जातात. एकच नोट चार जणांच्या पासबुकात दिसते, आणि म्हणून बाजार चालतो. किती बाजूला ठेवायचे हे रिझर्व्ह बँक ठरवते. महागाई वाढली की हिस्सा वाढवून पैसा आवळते, धंदा मंदावला की हिस्सा कमी करून पैसा सैल सोडते. परवाच तो चारावरनं तीनावर आला होता.

"म्हंजे विरजणच की वो," मनकर्णाबाई म्हणाली. "चमचाभर ठेवायचं, बाकीचं खायचं. उद्या परत दही हाय."

साहेब हसले. पण सगळं गाव एकाच सकाळी वाटी घेऊन दारात आलं, तर घरात असतो तो चमचाच, हे त्या दिवशी दोघांपैकी एकानंही बोलून दाखवलं नाही.

पैसा सैल झाला तो चार हातांना मिळावा म्हणून. या बँकेच्या संचालकांनी तो एकाच बड्या कारखानदाराच्या घशात घातला. त्या कारखान्याला टाळं लागल्याची कुजबूज मंडईत सुरू झाली, आणि नेमकं तेव्हाच हरिदासच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, सोमवारीच करा. सरकारी योजनेत नंबर दोन महिन्यांनी होता. "इतकं थांबू नका," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

गुरुवारी ती ठेव मोडायला बँकेत गेली. तीन लाख हातात आले. ती पिशवीत भरत असतानाच मागनं आवाज आला.

"अगं बया! मनकर्णाबाई, तुमीच काढाय लागलाव व्हय?"

मंडईतली शिवबाई. कोथिंबीर-मेथी विकणारी, रोज वीस रुपये भरणारी, नातीच्या लग्नासाठी साठवणारी.

"न्हाय गं, मालकांचं ऑपरेशन हाय सोमवारी," मनकर्णाबाई म्हणाली. पण शिवबाईनं ते ऐकलं कुठं? ती तशीच मंडईकडं धावली. तासाभरात बँकेच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. पिग्मीवाली बाईच स्वतःचे पैसे काढून चालली म्हटल्यावर दुसरा पुरावा कशाला हवा?

शिवशरण साहेब हात जोडून बाहेर आले. एवढी रोकड एका दिवसात कुठल्याच बँकेत नसते, उद्यापर्यंत दुसरीकडनं मागवतो, असं परोपरीनं सांगत होते. ऐकतंय कोण! चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. एक जण तिच्या तोंडावर म्हणाला, "बाई, ऑपरेशनचं नाटक बास करा. आमचे बुडवून तुमी सुटला."

हे मात्र तिच्या काळजाला लागलं. इतकी वर्षं जे वाक्य सांगून घामाचे पैसे गोळा केले, ते वाक्य आज खोटं ठरत होतं. तिनं हिशेब केला. आज गुरुवार. आजचा दिवस निभावला तर लोक शांत होतील, उद्या मागच्या दारानं परत काढता येतील, सोमवार लांब आहे. ती गर्दीतनं वाट काढत काउंटरपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत पिशवी उपडी केली.

"भरून घ्या परत," ती ओरडली. "बगा, सगळ्यांनी बगा! माझे बी हितंच हायत की!"

लोक पांगले. शिवबाईनं तिचा हात धरला, म्हणाली, "चुकलं बाई माझं."

घरी येऊन तिनं हरिदासला सगळं सांगितलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "बरं केलंस. इश्वास तुज्यावर हाय त्येंचा, बँकेवर न्हाय." अरे, चिडायचं तरी होतंस! दोन शिव्या घातल्या असत्यास, तर तिला पुढं रडायला तरी सोपं गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी बँकेच्या दाराला कागद चिकटला होता. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध. कारखान्याचं कर्ज बुडाल्याचं आधीच उघडं पडलं होतं, आदेश कधीचा वाटेत होता. खात्यातनं दहा हजारांच्या वर काढायचे नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, तीनेक महिन्यांत मिळतील. आजारपणासाठी वेगळा अर्ज करा म्हणाले. केला. तो मुंबईला गेला आणि तिथंच बसला.

मग ती भावाकडं गेली, नणंदेला फोन केला, गटातल्या बायकांची दारं वाजवली. कुणी नाही म्हणालं नाही. पण देणार कुठनं? सगळ्यांचे त्याच बँकेत अडकलेले, तिनंच नेऊन ठेवलेले. ज्यांचं तिथं खातंही नव्हतं, त्यांचं येणं बँकेच्या गिऱ्हाइकांकडं अडकलं होतं. फिरणारी नोट थांबली आणि अख्खी पेठ रिकाम्या खिशानं एकमेकांकडं बघत बसली.

सोमवार आला आणि गेला. योजनेचा नंबर लागायच्या आधीच एका सकाळी हरिदास चहाचा कप हातात घेऊन बसला होता, तो तसाच कलंडला. मनकर्णाबाईनं कप आधी धरला. का धरला, देव जाणे. माणूस धरायचं सोडून कप धरला, म्हणून ती आजही स्वतःला बोल लावते.

पैसे आले. सरकारी शब्द खरा झाला, विम्याचे पैसे ज्याच्या त्याच्या नव्या खात्यात पडले. त्या दिवशी मंडईत पेढे वाटले. शिवबाई पेढा घेऊन तिच्या दारात आली. आत येऊन तिनं बाबासाहेबांच्या फोटोशेजारचा नवा फोटो पाहिला नाही, आपल्याच आनंदात होती बिचारी.

"बाई, पै न पै मिळाली बगा! नातीचं लगीन धरलं," ती म्हणाली. "तुमचे बी आले का हो?"

मनकर्णाबाईनं पेढा हातात घेतला. भिंतीकडं बघत म्हणाली,

"आले की. सगळे आले."