जनान्याची कनात

मी इंटर सायन्सला होते तेव्हा गुड फ्रायडेच्या आठवड्यात आमच्या शहराला लागून असलेल्या मुरारला ख्रिस्ती लोकांचा मोठा मेळावा भरला. आम्ही त्याला कन्व्हेन्शन म्हणायचो, टांगेवाले ‘ईसाइयों का मेला’ म्हणायचे. झाशी, आग्रा, इटावा, कुठून कुठून माणसं आली होती. मैदानात राहुट्या, चुली, ओल्या धोतरांच्या आणि साड्यांच्या रांगा. सकाळ-संध्याकाळ भजनं आणि प्रवचनं. एरवी मला हे सगळं आवडलं असतं. पण शनिवारी दुपारी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं.

प्रॅक्टिकल चुकलं तर ते पुन्हा होणार नव्हतं. परीक्षक आग्र्याहून येणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. आणि माझं वर्ष गेलं तर माझं शिक्षण संपणार, हे घरात ठरलेलं होतं.

आई बायबलबाई होती. मिशनच्या पगारावर घरोघर जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, विणकाम शिकवायचं, बाळंतिणीजवळ बसायचं, हे तिचं काम. आम्ही मूळचे नगरकडचे. शहराच्या लष्कर भागात दरबारच्या मराठी मानकऱ्यांची घरं पुष्कळ. तिथल्या बायका हिंदी बोलणाऱ्या मिशनबायकांना ओसरीवरूनच वाटेला लावत. आई मराठी बोलायची म्हणून तिला माजघरापर्यंत जाता यायचं. तिचा कप वेगळा ठेवत, पण चहा भरून देत. ही घरं तिने दहा-पंधरा वर्षांत एकेक करून मिळवली होती आणि आता ती माझ्या हाती सोपवायचं तिच्या मनात होतं. आधी मिशनच्या बोर्डिंगात दोन वर्षं ट्रेनिंग, मग तिच्या बरोबर फिरायचं, मग एकटीने.

मला केमिस्ट्री शिकायची होती. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरीचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे तिला निकालाची घाई नव्हती.

बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. दोन बायकांच्या भांडणात पडायचं नाही असं त्यांचं धोरण होतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. “पास झाली तर पुढे शिकेल. वर्ष गेलं तर तुझं ऐकेल. आता मला जेवू द्या.”

आईने ते मान्य केलं आणि आपली एक अट घातली. शनिवारी सकाळच्या सभेला मी तिच्या बरोबर यायचं. ती सभा तरुणांसाठी होती. “बायबलबाईची पोरगी घरी बसली तर मी काय तोंड दाखवू?” सभा दुपारच्या जेवणाआधी सुटायची. बाबा फाटकाबाहेर टांगा घेऊन थांबणार होते. मी हिशेब केला, वेळ पुरत होता. मी हो म्हटलं.

आता त्या शामियान्याबद्दल सांगायला हवं. तो संस्थानच्या दरबारच्या फर्राशखान्यातून आला होता. आमच्याकडे सगळ्याच धर्मांच्या उत्सवांना दरबाराकडून तंबू-कनाती मिळत, आणि उभारायला फर्राशही त्यांचेच येत. बायकांची बाजू म्हटल्यावर त्या लोकांनी ती त्यांच्या पद्धतीने उभारली. राजवाड्यातल्या बायकांसाठी उभारतात तशी. पुरुषभर उंचीपेक्षा उंच दुहेरी कनात, खालची कड मातीत दाबलेली, आणि आत-बाहेर करायला एकच दार, तेही पुढे, व्यासपीठाला लागून. म्हणजे आलेली प्रत्येक बाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून आत येणार आणि तशीच बाहेर जाणार. पुरुषांच्या बाजूला मात्र चहूकडून मोकळं होतं. कोणी खोकत बाहेर गेला, कोणी विडी ओढून आला, काही बिघडत नव्हतं.

“आई, दाराजवळ बसू,” मी म्हटलं.

“दाराजवळ लेकुरवाळ्या बसतात. आपली जागा धरून ठेवलीय.”

तिच्या मैत्रिणींनी मधल्या खांबाशी जागा धरली होती. आम्ही बसलो. हळूहळू पुढे, मागे, बाजूला बायकाच बायका. गुडघ्याला गुडघा. सतरंजी दिसेनाशी झाली. माझ्या मांडीवर एकीने आपलं पोर ठेवलं आणि ती भजनात टाळ्या वाजवू लागली.

प्रवचनकार दक्षिणेकडचे होते. ते इंग्रजीत बोलायचे आणि आमच्या चर्चचे पाद्रीसाहेब त्याचं हिंदी करायचे. प्रवचनकार एक वाक्य बोलले की पाद्रीसाहेबांची चार व्हायची, कारण ते मध्ये आपलंही घालायचे. त्या हिंदीचं आई पुन्हा मराठी करून शेजारच्या म्हातारीला सांगायची. असं एकच प्रवचन मी तीनदा ऐकत होते. कनातीत वारा नव्हता. एप्रिलचं ऊन वरून कापडातून पिवळं होऊन उतरत होतं.

“आई, उशीर होतोय.”

“संपेलच आता.”

“तू मगाशीही हेच म्हणालीस.”

“मग पुन्हा विचारतेस कशाला?”

प्रवचन संपलं तेव्हा मला वाटलं सुटले. पण ते संपलं नव्हतं. प्रवचनकार म्हणाले, ज्या तरुणांना आपलं आयुष्य सेवेसाठी द्यायचं असेल त्यांनी उठून पुढे यावं. हार्मोनियमवर सूर धरला, भजन सुरू झालं. रीत अशी की कोणी पुढे येईपर्यंत भजन थांबत नाही. कोणी आलं की त्याच्यासाठी प्रार्थना, मग पुन्हा भजन, पुन्हा बोलावणं. त्या दिवशी पुरुषांकडून दोन मुलगे गेले. बायकांच्या बाजूने कोणी हलेना. तेच कडवं पुन्हा, मग पुन्हा. माझ्या मांडीवरचं पोर झोपलं.

मी बसल्या बसल्या सगळे मार्ग तपासले. कनात उचलता येण्यासारखी नव्हती. मागे भिंतीसारखी माणसं. दार एकच, आणि त्या दाराकडे जाणं म्हणजे पुढे जाणं. या वेळी जी उठेल ती सेवेसाठी उठली असंच सगळे धरणार. बसून राहिले तर परीक्षा गेली आणि पुढच्या महिन्यात बोर्डिंग. उठले तर सगळ्या मंडळीसमोर बोर्डिंग आजच कबूल.

मी पोर त्याच्या आईच्या ओटीत ठेवलं आणि उठायला लागले. आईने माझा पदर धरला.

“आत्ता नको. लोक काय समजतील?”

“समजू देत. माझी परीक्षा आहे.”

“खाली बस म्हणते ना.”

“पदर सोड, आई.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग व्यासपीठाकडे पाहिलं. तिथे पाद्रीसाहेब बायकांच्या बाजूला हात पसरून उभे होते. आणि तिची बोटं सैल झाली. माझ्या ओढण्याने पदर सुटला नाही, तिने सोडला. तिने काय विचार केला ते मला तिथेच कळलं.

“जा मग,” ती म्हणाली.

मी निघाले. बायका पाय आखडून वाट देत होत्या. कोणी माझ्या पायाला हात लावला, कोणी पाठीवरून फिरवला. एक म्हातारी रडायला लागली. “अरे, यह तो बाई जी की बिटिया है!” असं कोणीतरी म्हणालं आणि ते रांगेरांगेने पुढे गेलं. पाद्रीसाहेब ओरडले, “एक बेटी आ रही है!” हार्मोनियमला जोर आला. मी नजर फक्त दारावर ठेवली होती. पडद्याची कड दिसत होती, बाहेरच्या धुळीचा एक पट्टा दिसत होता. तिथवर पोचले आणि पाद्रीसाहेबांच्या बायकोने मला मिठीत घेतलं.

त्या अंगाने भरदार होत्या. दार पूर्ण झाकलं गेलं.

“मुझे जाना है,” मी त्यांच्या खांद्यात म्हटलं. “कॉलेज में परचा है मेरा।”

“हो जाएगा, सब हो जाएगा। पहले आँखें बंद करो।”

त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं. माझ्या डोक्यावर हात आला. मी उठले हे पाहून आणखी पोरी उठल्या होत्या. पाच, सहा, कोण जाणे किती. त्या माझ्या मागे येऊन गुडघे टेकत होत्या. एक जण माझ्या पोटऱ्यांवरच बसली. आता मला मागेही जाता येईना आणि पुढेही. प्रार्थना लांबत गेली. डोळे मिटून मी परीक्षेतल्या क्षारांची नावं आठवत होते. ते प्रार्थनेसारखं दिसत असेल.

प्रार्थना संपली आणि पाद्रीसाहेब म्हणाले, सगळ्यांत आधी आलेली ही बेटी आता गवाही देईल. गवाही म्हणजे आपल्या मनात देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मला उठवून व्यासपीठाच्या पायरीवर उभं केलं. समोर सगळी माणसं. मधल्या खांबाशी आई उभी राहिली होती. तिच्या मैत्रिणींनी तिचे हात धरले होते. ती हसत होती. मी तिला तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

मान डोलावली असती तर सर्वांत लवकर सुटले असते. “हाँ” म्हणायचं आणि बाहेर पडायचं, बाकी नंतर निस्तरायचं, हे माझ्या मनात आलं. पण त्या शहरात सगळ्यांसमोर दिलेला शब्द नंतर निस्तरता येत नाही. उद्यापासून प्रत्येक जण मला विचारणार होता, कधी जातेस बोर्डिंगात. आणि आई नको म्हणेल तेव्हाच ते विचारणं थांबणार होतं.

मी म्हटलं, “दोपहर को मेरी परीक्षा है। मैं उसके लिए उठी थी। बाहर जाने का रास्ता यही एक है।”

हार्मोनियम थांबला.  प्रवचनकारांनी पाद्रीसाहेबांना इंग्रजीत विचारलं, काय म्हणाली? पाद्रीसाहेब म्हणाले, घाबरली आहे. म्हणून मी तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं नव्हतं, पण ‘केमिस्ट्री प्रॅक्टिकल’ कळायला व्याकरण लागत नाही.

प्रवचनकारांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता आणि प्रेमळही नव्हता. गाडी चुकलेल्या माणसासारखा होता. ते एवढंच म्हणाले, “लेट हर पास.” पाद्रीसाहेबांच्या बायको बाजूला झाल्या. मी खांबाकडे न पाहता बाहेर पडले.

बाबा टांग्यात बसून शेंगदाणे खात होते. “इतका वेळ?” त्यांनी विचारलं.

“चला आधी.”

प्रयोगशाळेत सगळे आपापल्या टेबलाशी लागले होते. आमचे डेमॉन्स्ट्रेटर मला पाहून म्हणाले, “आइए, देवी जी! मेला उठ गया?” मी माझ्या टेबलाशी गेले. मला दिलेला क्षार निळा होता. तांबं असणार हे दारातूनच कळत होतं, पण सगळ्या कसोट्या करून दाखवल्याशिवाय मार्क नाहीत. परीक्षक टेबलांमधून फिरत आले, तेव्हा माझी शेवटची कसोटी चालू होती.

घरी आई माझ्याशी बोलत नव्हती. ओरडलीही नाही. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. तिच्या मैत्रिणी यायच्या आणि माझ्यासमोर हिंदीत बोलायच्या, मला समजू नये म्हणून नव्हे, समजावं म्हणून. “दूसरों की लड़कियों को रास्ता दिखाती फिरती हैं, और अपनी?” आई त्यांना चहा द्यायची. ती रोज कामाला जायची. मिशनच्या बाईंनी तिला बोलावून विचारलं, मुलीचं असं का झालं. तिने काय उत्तर दिलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. माझ्या मागे आलेल्या पोरींपैकी दोघी पुढच्या महिन्यात बोर्डिंगात गेल्या. त्यातली एक गोरखीच्या शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची. जायच्या आधी ती भेटायला आली आणि दारातच म्हणाली, “तू उठलीस म्हणून मी उठले.”  मी तिला हसून म्हणाले, “मला सांगायचं तरी.” ती म्हणाली, “कधी? माझ्या डोक्यावर हात होता.”

निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले होते. बाबांनी आईला सांगितलं, “ठरलं तसं.” ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “मी नाही कुठे म्हटलं.” मग बाबा बाहेर गेले आणि आम्ही दोघीच राहिलो. तव्यावर पोळी होती.

मी म्हटलं, “तू पदर मुद्दाम सोडलास.”

“हो.”

“मी पुढे गेले की अडकणार, हे तुला माहीत होतं.”

“मला वाटलं, एवढ्या माणसांसमोर ‘नाही’ म्हणवणार नाही तुला.” तिने पोळी उलटली. “नाही म्हणवत कोणाला. मला तरी कुठे म्हणवलं?”

“कधी? नगरला?”

“ती परात दे इकडे.”

मी परात दिली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने पीठ कमी पडतंय, डबा काढ, असं सांगितलं. मी डबा काढला. नंतरही, मी शिकवायला लागल्यावर, मी तिला दोनदा तरी विचारलं. एकदा ती म्हणाली, मी असं बोललेच नाही. एकदा म्हणाली, तेव्हा मी तुझ्याहून लहान होते आणि माझी कुठली परीक्षाबिरीक्षा नव्हती.