लिफ्टवाल्या वहिनी ऑफिसला जातात

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस लाल बटण दाबतो आणि पलीकडून एक शांत आवाज येतो. तो आवाज कुठल्यातरी मोठ्या काचेच्या कचेरीतून येत असणार, अशी त्या माणसाची समजूत असते. ती तशीच राहिलेली बरी. तो वहिनींच्या स्वयंपाकघरातून येतो. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर आणि वहिनींच्या डोक्यावर हेडफोन. इकडे कुकर लावलेला असतो आणि तिकडे कुणीतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये देवाचा धावा करत असतं. शिट्टी व्हायच्या बेताला आली की वहिनी गॅस बंद करतात. आधीच घाबरलेल्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकवू नये, असं त्यांचं मत आहे.

या कामाचं वहिनींना खास शिक्षण काही नाही. सुरुवातीला दोन दिवस कुणीतरी समजावून सांगितलं, तेवढंच. पण समोरचा माणूस कितीही हातपाय गाळून बसला असो, वहिनी त्याच्याशी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तशा बोलतात. एका गृहस्थांना त्यांनी घरातल्या पडद्यांच्या रंगाबद्दल इतकं बोलतं केलं, की दार उघडल्यावर ते म्हणाले, थांबा, आधी पडद्यांचं ठरवू.

वहिनींचे यजमान जहाजावर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर आणि उरलेले झोपेत. त्यामुळे घरात दोघीच, वहिनी आणि सासूबाई. सासूबाईंच्या डोक्यातून घर हळूहळू निसटत चाललं होतं. सून कोण, कपाट कुठलं, आपण इथे कशा आलो, काही लक्षात राहीना. एकट्या पडल्या की आपल्याला कुणीतरी कोंडून ठेवलंय असं त्यांना वाटे. मग दार बडवणं, आरडाओरडा. एकदा वहिनी खाली दूध आणायला गेल्या, तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीची काच फोडून हात कापून घेतला होता. त्या दिवसापासून वहिनी त्यांना एकटं सोडत नसत.

सून म्हणून वहिनींनी "आई, शांत व्हा" असं शंभरदा सांगितलं तरी उपयोग शून्य. तेच त्यांनी लिफ्टमधल्या कुणा परक्याला सांगितलं, की सासूबाई खुर्ची ओढून टेबलाशेजारी येऊन बसत, रिंग आल्यावर वहिनी कुठलं बटण दाबतात ते बघत आणि मान डोलवत. उभ्या जन्मात त्यांनी सुनेचं ऐकलं नव्हतं. आता ऐकत होत्या, पण दुसऱ्याच्या नावावर.

अशात कंपनी विकली गेली. जुन्या मालकांनी सगळ्यांना एकेक भिंतीवरचं घड्याळ पाठवलं आणि ते विश्रांतीला गेले. घेणारी कंपनी बडी होती. तिची मेल आली, की सोमवारपासून सर्वांनी कार्यालयात परत यावं. परत म्हणजे कुठे, हे कुणालाच कळेना, कारण पहिल्यापासून सगळे आपापल्या घरूनच काम करत होते. एकत्र बसल्याने आपुलकी वाढते, असं मेलमध्ये लिहिलं होतं. जे आपुलकी वाढवणार नाहीत त्यांची नोकरी जाईल, असंही लिहिलं होतं.

वहिनींच्या पाळीत पाच जण. पैकी वकील हा वकील नव्हता, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात "प्रश्न तत्त्वाचा आहे" अशी करायचा, म्हणून वकील. गुरुजी खरोखरच पूर्वी शाळेत शिकवायचे. उरलेले दोघे सख्खे भाऊ, आणि त्यांचं मिळून एकच मत असे. रविवारी संध्याकाळी पाचही जण कॉम्प्युटरवर एकमेकांसमोर आले आणि वकिलाने शपथ घातली.

"कुणीही जायचं नाही. पाचच्या पाच जणांना काढतील काय? लिफ्टा कोण बघणार मग?"

"मुळीच जायचं नाही," गुरुजी म्हणाले. भावांनी मान हलवली. वहिनीही "नाही" म्हणाल्या, आणि त्या खरंच मनापासून म्हणाल्या.

कामाला बसलं की प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका लागतो आणि तो सगळ्यांना दिसतो. सोमवारी आठच्या ठोक्याला पाचही ठिपके हिरवे दिसले पाहिजेत, असं ठरलं.

रात्रभर वहिनींचा डोळा लागला नाही. नोकरी गेली तर घर बसणार होतं. ऑफिसला जावं तर सासूबाईंना कुणाच्या भरवशावर सोडायचं? शेवटी त्यांनी ठरवलं, की एकदाच जायचं, नव्या साहेबांना समोरासमोर गाठायचं, घरची परिस्थिती सांगायची आणि घरून काम करायची परवानगी घेऊनच परतायचं. शेजारच्या काकूंना अकराशिवाय येता येणार नव्हतं. पण सकाळच्या गोळीने सासूबाई तोपर्यंत झोपतात. वहिनींनी खिडकीजवळचं सगळं उचललं, सुऱ्या कपाटात कुलपात टाकल्या आणि आठला ठिपका हिरवा केला. आपण शेपूट घातली हे बाकीच्या चौघांना कळता कामा नये. कॉल आलेच तर घ्यायला चौघं आहेत की, असा हिशेब करून हेडफोन टेबलावर ठेवला आणि चपला हातात घेऊन त्या बाहेर पडल्या.

ऑफिसच्या इमारतीत लिफ्टसमोर वकील उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. तेवढ्यात गुरुजी आले, आणि त्यांच्या मागोमाग दोघे भाऊ, एकाच रंगाच्या बॅगा घेऊन.

"मी निषेध नोंदवायला आलोय," वकील म्हणाला. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

"मी म्हटलं, कुणी आलंच असेल तर परत पाठवावं," गुरुजी म्हणाले.

"आम्ही असंच," भाऊ म्हणाले.

यापुढे कुणी काही बोलण्याआधी नवे साहेब आले. वय कोवळं, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सगळे आलात! मला वाटलं होतं, तुम्ही लोक अडून बसाल," असं म्हणत त्यांनी पाचही जणांना लिफ्टमध्ये घेतलं. लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत ठीक गेली. सातवा यायच्या आधी तिने एक आचका दिला आणि थांबली. वरचा दिवा गेला, कोपऱ्यातला बारका लागला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी धीर धरून ते म्हणाले, "काळजी करू नका. ही सेवा आपलीच आहे." आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

रिंग जायला लागली. ती कुठे जातेय हे पाचही जणांना एकदमच कळलं. पाच ठिपके हिरवे होते आणि पाच टेबलांपाशी कुणी नव्हतं.

"कुणी उचलत का नाहीये?" साहेबांनी विचारलं. त्यांना दरदरून घाम फुटला होता. वकिलाला प्रथमच तत्त्व आठवेना.

मग खट् असा आवाज झाला.

"बोला," पलीकडून बाईचा आवाज आला. "घाबरू नका. मी ऐकतेय."

वहिनींनी आवाज ओळखला. सासूबाई जाग्या झाल्या होत्या. घरात एकट्या होत्या.

"नवीन भरती आहे का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सिनियर आहेत," वकील म्हणाला.

"किती जण आहात?" सासूबाईंनी विचारलं.

"स-सहा."

"खाली बसा सगळे. दाराला हात लावायचा नाही, माणूस येतोय." सगळे मुकाट्याने खाली बसले. "आवाज कोवळा दिसतोय तुमचा. काही खाल्लंत का सकाळपासून?"

"नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"उपाशीपोटी असं वरखाली करू नये हो. घरी आई काय करते?"

साहेब सांगू लागले. आई एकटीच असते म्हणाले, सणासुदीलाही जाणं होत नाही म्हणाले. सासूबाई "बरं, बरं" करत होत्या, अगदी वहिनींच्या हेलात. वहिनींना रडू फुटलं, तोंडात पदर कोंबून त्यांनी ते दाबलं. दार बडवणं नाही, काच फोडणं नाही. त्या घरात एकट्या होत्या आणि त्यांना भीती वाटत नव्हती, कारण त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस त्यांना सापडलं होतं.

"आणखी कुणाला घरी निरोप द्यायचाय?" सासूबाईंनी विचारलं.

"मला," वहिनी म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना सांगा, मी लवकर येते."

"सांगते. जरा घाबरट दिसतात त्या. पण ऐकतील माझं."

थोड्या वेळाने वॉचमनने बोलावलेला मेकॅनिक आला, काहीतरी खडखडलं, लिफ्ट सातव्यावर आली आणि दार उघडलं. उजेड आत आला. सगळ्यांच्या आधी साहेब बाहेर पडले, मग भाऊ, गुरुजी, वकील. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"उघडलं का दार?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनींनी सताड उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. काकूंना यायला अजून वेळ होता.

"नाही अजून," त्या म्हणाल्या.

"मॅडम, चला की, लिफ्ट तपासायचीय," मेकॅनिक म्हणाला. वकिलाने त्याला गप्प केलं आणि साहेबांच्या कानाशी लागून, तत्त्वाचं नाव न काढता, वहिनींच्या घरचं सगळं सांगितलं. साहेब ऐकत उभे राहिले. तिकडे हॉलच्या दाराशी कुणीतरी त्यांना मीटिंगसाठी हात करत होतं.

"आणि तो उपाशी मुलगा?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "तो का बोलत नाही? बरा आहे ना?"

साहेबांनी हॉलकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं. मग हातातली बॅग दारात आडवी ठेवून ते आत आले आणि वहिनींशेजारी मांडी घालून बसले.

"आहे, आजी," ते म्हणाले. "मीही अडकलोय."