‘गरम’ शब्दाचा पंचनामा

काडतुसाची ती फाटलेली पुंगळी आजही माझ्या बोटांना आठवते. पोलिसांत असताना अशा किती पुंगळ्या हाताळल्या, मुद्देमाल म्हणून जमा केल्या आणि विसरून गेलो. ही मात्र डोक्यातून जात नाही.

माझी बरीचशी नोकरी शस्त्रागारात गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे शारजाला आलो. नात माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि जावई उशिरापर्यंत ऑफिसात. घरात बसून वीट आला, तेव्हा औद्योगिक क्षेत्रापलीकडच्या एका नेमबाजी क्लबात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. म्हटलं, बंदुकीच्या वासात तरी बरं वाटेल.

क्लबाला रायफलची काडतुसं हाताने भरायचा परवाना होता. ते काम वसईचा एक कॅथलिक गृहस्थ करी. अबोल, पण कामात चोख. नवा माल भरला की त्यातली थोडी काडतुसं तो आधी स्वतः झाडून पाही. आतला दाब प्रमाणाबाहेर गेला की पुंगळीच चुगली करते. तिच्या बुडाची टोपी चपटी होते, पितळेवर चकचकीत ठसा उमटतो, आणि रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, उचलायला जड जातो. असा माल तो वापरात जाऊ देत नसे.

तरीही उन्हाळ्यात एका दुपारी अपघात झाला. कंत्राटदारीत असलेल्या एका मराठी सभासदाने गोळी झाडली आणि पुंगळी बुडाशी फाटून जळता वायू मागे आला. घामाने धुरकटलेला चष्मा त्याने कपाळावर चढवला होता. उजवा डोळा गेला.

स्थानिक पोलिसांनी रायफल ताब्यात घेतली, त्यांचा तपास अरबीत सुरू झाला. आमच्या माणसांचे जबाब घ्यायचं काम मॅनेजरने माझ्यावर टाकलं. “अंकल, आय नीड वन नेम,” तो म्हणाला. “एक नाम दे दो, खलास.”

पहिली खबर कँटीनमधून आली. तिथला सांगलीचा माणूस चहा ठेवता ठेवता म्हणाला, “साहेब, कानावर घालतो. ती काडतुसांची पेटी खराब आहे हे वसईवाल्याला ठाऊक होतं. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.”

माहीत असून पेटी कपाटात ठेवली असेल, तर ही चूक नव्हे, गुन्हा. नोकरी आणि व्हिसा तर जाईलच, वर तुरुंग. तो आईच्या मातीला वसईला गेला होता, परतल्या दिवशीच त्याला समोर बसवला. शर्टाच्या बाहीवर काळी फीत होती.

“हो साहेब, माहीत होतं,” तो म्हणाला. “टेस्टमध्येच दिसलं. टोप्या चपट्या, बोल्ट हलेना. सगळी पेटी खोलून दारू काढायची होती. तेवढ्यात वसईवरून फोन, आई गेली म्हणून. स्टोअरवाल्याच्या हातात पेटी दिली नि एअरपोर्ट गाठलं.”

“त्याला काय सांगितलंस? शब्दन् शब्द सांग.”

“‘ये पेटी गरम है, अलग रखो, अभी किसी को मत देना.’ एवढंच.”

खोटं बोलणारा माणूस पाल्हाळ लावतो, हा माझा अनुभव. हा एक शब्द जास्त बोलला नाही. म्हणजे संशय आता स्टोअरवाल्यावर. हा केरळचा वयस्कर माणूस, उभी हयात आखातात गेलेली, हिंदी इथेच शिकलेली. त्याने पेटी कोणाच्या सांगण्यावरून परत ठेवली, हे काढायचं मी ठरवलं आणि आवाज चढवला.

“अलग रखा था?”

“रखा था साब.”

“फिर वापस रैक में किसने डाला?”

“मैं डाला साब. ठंडा हो गया था.”

मी पेन खाली ठेवलं. तो कळवळून सांगू लागला, “वो बोला गरम है, अभी मत देना. इधर धूप में सब चीज गरम होता है ना साब? मैं एसी के सामने रखा. रोज हाथ लगा के देखा. एकदम ठंडा हुआ, तब रैक में डाला.”

दाब जास्त असलेल्या काडतुसाला आमच्या धंद्यात ‘गरम’ म्हणतात. इंग्रजीतला ‘हॉट’ आम्ही उचलला आणि आपलासा केला. वसईवाला म्हणाला तेव्हा मलाही अर्थ वेगळा विचारावासा वाटला नाही. ज्या देशात नळाचं पाणी दुपारी हात भाजतं, तिथे त्या बिचाऱ्याने सरळ अर्थ घेतला.

आयुष्यभर मी गुन्ह्यामागचा हेतू शोधला. इथे हेतू नव्हताच, होती ती दोघांची काळजी. पण गेलेला डोळा काही परत येणार नव्हता, आणि मॅनेजरला नाव हवंच होतं.

वसईवाला आपणहून आला. “माझं लिहा साहेब. शब्द माझा होता. त्या म्हाताऱ्याला या वयात कोण ठेवील?” मी तसं लिहिलं. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली, तुरुंग टळला, नोकरी गेली. जाण्याआधी तो हॉस्पिटलात जाऊन आला. कंत्राटदाराने त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी एक प्रश्न वाढवला: या शब्दाचा अर्थ तुम्ही काय घेतलात? पोलिसांत असताना तो विचारला असता, तर काही निकाल वेगळे लागले असते असं वाटत राहतं.

वसईवाला गेला त्या दिवशी स्टोअरवाला माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. दाब म्हणजे काय, हे मी त्याला परोपरीने समजावलं होतं. त्यानेही मान डोलावली होती.

“साब,” तो हळूच म्हणाला, “एक दिन और रखना था क्या?”

मला पुन्हा समजावणं जमलं नाही.

“नहीं भाई,” मी म्हणालो. “ठंडा तो तुमने बराबर किया था.”