अडतीस चिंचोके

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाकडच्या अंगाला. नागपंचमीच्या दिवशी वारुळाला जाण्याआधी देवळापुढच्या मोकळ्या जागेत फुगड्या होत. गावातल्या दहा-बारा जोड्या एकदम उतरत. पाय चुकला की जोडी बाद. शेवटी दोन जोड्या उरल्या की त्यांचा निवाडा पाच जाणत्या बायका करत. जिंकलेल्या जोडीला वारुळाला पहिल्या लाह्या वाहण्याचा मान. बक्षीस एवढंच, पण त्या मानासाठी पोरी महिनाभर न्हाणीतसुद्धा फुगडी घालत.

माझी जोडी चुलत बहिणीशी होती. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला मी आक्का म्हणत असे. सलग चार वर्षं आम्ही दुसऱ्या आलो. चौथ्या वर्षाचा निवाडा मला अजून तोंडपाठ आहे. रीत अशी, की प्रत्येक पंचाच्या पुढ्यात दोन वाट्या. उजवी वाटी आमच्या वरच्या आळीच्या जोडीची, डावी खालच्या आळीच्या. प्रत्येक वाटीत एक ते दहा चिंचोके टाकायचे. मग सगळ्या उजव्या वाट्या एका सुपात आणि डाव्या दुसऱ्या सुपात ओतायच्या. ज्या सुपात जास्त, ती जोडी जिंकली. चार पंचांनी आम्हाला आठ-आठ आणि त्यांना सात-सात दिले. पाचवी खालच्या आळीची एक काकू. तिनं तिच्या पोरींना दहा दिले आणि आम्हाला एक. झाले आमचे तेहतीस आणि त्यांचे अडतीस. पाचांतल्या चौघींना आम्ही उजव्या वाटलो, आणि हरलो.

माझे वडील निजामाच्या शाळेत मास्तर होते. शाळेत उर्दू, पण घरी ते मला मराठीतून पाढे शिकवत, निमकी-पाऊणकीच्या अपूर्णांकांसकट. त्यामुळे गावातल्या बायकांत विसाच्या पुढचं मोजणारी मी एकटीच. पुढच्या आषाढात मी पाची पंचांना देवळात एकत्र गाठून सांगितलं, चिंचोके ओतू नका. प्रत्येकीच्या दोन वाट्यांत कोणाचे जास्त एवढंच बघा. पाचांतल्या तिघींनी जिला जास्त दिले, ती जोडी जिंकली. एकीनं मूठ भरून टाकले म्हणून चौघींचा शब्द बुडायला नको.

"मग वाट्या बघणार कोण?" खालच्या काकूनं विचारलं.

"तीच की. रीत तिची, मग मोजणं बी तिचंच." असं म्हणाली वाण्याची म्हातारी. ती पाच पंचांत सगळ्यात वयस्कर, लिंगायताची, अर्धं कानडी बोलणारी.

"नाचणारीनंच मोजायचं व्हय? लई भारी न्याव तुमचा!"

"साकु, साकु, पुरं झालं," म्हातारी म्हणाली. "मास्तराची पोरगी हाय ती. खोटं मोजंल तर बाप घरात घेणार न्हाय तिला."

सगळ्या हसल्या आणि ठरलं. नाचणारीनं मोजू नये, हे काकूचं म्हणणं बरोबर होतं. पण मला तेव्हा ते पटलं नाही. आपला स्वतःवर भरवसा आहे, एवढंच मला दिसत होतं.

त्या वर्षीची पंचमी आक्काची गावातली शेवटची होती. तिचा नवरा करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर कामाला होता आणि त्याची बदली पार तेलंगणात झाली होती. दिवाळीनंतर तिला जायचं होतं, आणि तिथून दरसाल पंचमीला माहेरी येणं होणार नव्हतं. हात धरताना ती एवढंच म्हणाली, "औंदा पाय सरकला तर बघ."

पाय सरकला नाही. राखेनं आखलेल्या रिंगणात आम्ही फिरलो. तोंडानं ताल धरणारा तिचा पकवा एकदाही तुटला नाही. मलाच एकदा दम लागला, आणि मनगटावरच्या तिच्या पकडीनं मी सावरले. बाकीच्या जोड्या गेल्या. आम्ही आणि खालच्या आळीच्या दोघी उरलो. मग निवाड्यासाठी आधी आमची आणि नंतर त्यांची फुगडी झाली. खरं सांगायचं तर त्यांची देखणी होती. रिंगणाच्या मधोमध दोघींचे चारी पाय जणू एकाच खुंटीला बांधलेले.

मी घाम पुसून वाट्या बघायला लागले. पहिलीकडं आमचे सात, त्यांचे आठ. दुसरीकडं आमचे आठ, त्यांचे सात. तिसरीकडं सहा आणि आठ. चौथी आमची सख्खी आत्या. तिच्या उजव्या वाटीत दहा आणि डावीत एक. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "गेल्या साली त्यांनी केलं, तवा?"

"आत्या, आता त्यानं काय होत न्हाय," मी म्हटलं. पण एक गोष्ट झाली होतीच. दोन पंच आमच्याकडे, दोन त्यांच्याकडे.

पाचवी वाण्याची म्हातारी. उजव्या वाटीत सात. डावीत आठ.

मी दोनदा मोजले. म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. बाकीच्या चार हात लांब. डावीतला एक चिंचोका उजवीत गेला असता, तर आठ आणि सात. आक्का रिंगणाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "मोजून झालं काय गं, पोरी?" तिचा आवाज अगदी निवांत होता. मला त्या निवांतपणाचीच भीती वाटली.

"खालची आळी," मी मोठ्यानं सांगितलं. "तीन पंच."

खालच्या आळीनं एकच गिल्ला केला. आक्कानं चिंचेखाली सोडलेली चप्पल पायात घातली आणि चालू लागली. वारुळाच्या वाटेवर मी तिला गाठलं. चालता चालताच ती म्हणाली, "जुन्या रीतीनं किती झाले असते?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आपले अडतीस. त्यांचे बत्तीस."

"म्हंजे जिंकलो असतो."

"आत्याच्या दहानं."

"कुणाच्या का असंना! तुलाच मेलीला नवी रीत सुचली. अजून एक साल थांबली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

मी तिच्या मागोमाग वारुळाकडं चालत राहिले.

वारुळाशी जिंकलेल्या पोरींपैकी थोरलीनं लाह्यांची मूठ आक्कापुढं केली. "आक्का, फुडल्या साली तू न्हाईस म्हणं. पहिल्या तूच वाहा."

आक्काचा हात पुढं गेला. माझ्या जिवात जीव आला. पण तिनं तो तसाच मागं घेतला. "तीन बायांनी तुला दिलंय," ती जरा रागातच म्हणाली. "तूच घाल." माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

लाह्या वाहून झाल्या आणि बायका गावाकडं परतल्या. मीही निघाले, तेव्हा तिनं मागून माझी वेणी ओढली.

"इकडं ये. हात दे."

"कशाला?"

"फुगडी घालायची. पंच न्हाईत, रिंगण न्हाय. आन् तू मोजायचं न्हाय."

ओल्या मातीत आमचे पाय दहा वेळा सरकले. तिचा पकवा हसण्यात तुटला, मग माझा. शेवटी दोघी चिखलात बसलो. न मोजण्याचं मी कबूल केलं होतं, तरी फेरे मी मोजलेच. तो आकडा तिला सांगितला नाही.