पार्किंगमध्ये उघडलेलं इंजिन

गाडी दोन लाख साठ हजार किलोमीटर चालली होती. मागून निळा धूर यायचा आणि दर पंधरा दिवसांनी लिटरभर ऑइल ओतावं लागायचं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं आवाज ऐकला. "इंजिन उतरवावं लागेल," तो म्हणाला, "पण खर्च ऐकून तुम्हीच म्हणाल, भंगारात द्या." त्याने सांगितलेल्या पैशांत तसलीच दुसरी जुनी गाडी आली असती.

त्याच महिन्यात माझी खराडीतली नोकरी गेली होती. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासत होतो. ते काम एका कॉलवर अकरा मिनिटांत संपलं. बायको बँकेत आहे, त्यामुळे घर चालणार होतं. गाडीसाठी मात्र पैसे नव्हते. वेळ होता. मी तिला म्हणालो, इंजिन मीच उघडतो.

"येतं का तुला?"

"नाही. पण गाडी दुरुस्तीचं पुस्तक मिळालंय."

तिने त्यावर वाद घातला नाही. "आणि दिवसभर खाली पार्किंगमध्ये दिसणार, तर लोकांना काय सांगणार आहेस?"

"घरून काम करतोय म्हणून."

आमची सोसायटी कात्रजला आहे. पार्किंगला लागूनच तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. पंचाहत्तरीच्या आसपासच्या. चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं. सगळे त्यांना बाई म्हणायचे. मी भाड्याने आणलेल्या साखळीच्या कप्पीला टांगून इंजिन बाहेर काढलं आणि जुन्या टेबलावर ठेवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीकडे त्यांचा लेखी अर्ज गेला. 'पार्किंगची जागा वाहने उभी करण्यासाठी असते, ती सोलण्यासाठी नव्हे.' सेक्रेटरींनी तो मला दाखवला आणि जमिनीवर ताडपत्री घाला एवढंच सांगितलं. मी ताडपत्री घातली.

ताडपत्री तपासायला बाई स्वतः आल्या. काठी टेकत टेबलाभोवती एक चक्कर मारली. मी क्रँक सोडवत होतो. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा. तो पाच ठिकाणी पाच लोखंडी टोप्यांनी आवळून धरलेला असतो.

"या टोप्यांवर नंबर घातलेत का?"

"लक्षात राहील, बाई."

"माझ्या वर्गातली मुलंही असंच म्हणायची," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

पाचही टोप्या मी एकाच पातेल्यात डिझेलमध्ये भिजत घातल्या.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, रिक्षात घालून मी नाना पेठेत नेला. तिथे एक मुसलमान गृहस्थ लेथचं काम करतात. दुकान त्यांच्या आजोबांनी सुरू केलेलं. मला वाटत होतं की सिलिंडर मोठे करून, नवे पिस्टन घालावे लागणार. त्यांनी चष्मा पुसला, मापाचं घड्याळ आत सोडलं, प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजला. घाई अजिबात नाही. मग खडूने ब्लॉकवरच आकडे लिहिले.

"हे मोठे करायची गरज नाही. भिंती फार झिजलेल्या नाहीत. नुसते आतून घासून देतो. पिस्टनच्या रिंगा बदला, बेअरिंग बदला."

"गॅरेजवाला तर म्हणाला होता की..."

"त्याने मोजलं होतं का?"

"नाही."

"मग." एवढं बोलून ते कामाला लागले. आपल्याच धंद्याचं मोठं काम त्यांनी नाकारलं होतं, पण त्याचं त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. निघताना त्यांनी फोन नंबर दिला. "अडलात तर विचारा. जोर लावू नका."

तोवर बाई रोज यायला लागल्या होत्या. आधी उभ्या राहायच्या, मग घरातून प्लास्टिकची खुर्ची आणू लागल्या. मी पुस्तकातलं पान शोधताना हात तेलकट व्हायचे, म्हणून एके दिवशी त्यांनी पुस्तक स्वतःकडे घेतलं आणि वाचून दाखवायला लागल्या. कुठला बोल्ट किती आवळायचा, ते शाळेच्या वहीत लिहून काढलं. झाला की बरोबरची खूण.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पुस्तकातून मान वर न करता विचारलं, "तुमच्या मीटिंगा कधी असतात हो?"

मी रिंगांच्या खोबणीतला काजळीचा थर खरवडत होतो. तसाच खरवडत राहिलो. मग म्हणालो, "नोकरी गेली, बाई. दोन महिने झाले."

बायको सोडून दुसऱ्या कुणाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"मग दहाला कशाला येता?" बाई म्हणाल्या. "आठला येत जा. तेव्हा इथे ऊन नसतं."

दुसऱ्या दिवसापासून मी आठला जाऊ लागलो.

जोडायची वेळ आली. नवी बेअरिंग बसवली, ऑइल लावलं, क्रँक ठेवला, टोप्या आवळल्या. तो हाताने सहज फिरायला हवा होता. हलेना. मी पाना लावला, तरी हलेना. पान्याला लांब नळी जोडून पुन्हा जोर लावणार, तोच बाईंनी काठी आडवी धरली.

"त्यांना फोन करा."

लेथवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जोर लावलात?"

"थोडा."

"उघडा. टोप्यांची अदलाबदल झालीय. टोपी ज्या जागेची असते तिथेच बसते. दुसरीकडे बसवली की दांडा आवळला जातो."

बाई उठल्या. घरात जाऊन पेपर वाचायचं भिंग घेऊन आल्या. टोप्या पुसून एकेक भिंगाखाली धरली. एका टोपीच्या कडेला पंचने मारलेले तीन बारीक ठिपके होते, म्हणजे ती तिसऱ्या जागेची. मग बाकीच्यांवरचेही सापडले. टोप्यांवरच्या या खुणांचं वाक्य पुस्तकात होतं आणि मी ते वाचलंही होतं. वाचून पुढे गेलो होतो. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नेमक्या असल्याच चुका शोधून पगार घेतला होता, हे त्या वेळी मनात आलं. बाईंना सांगितलं नाही.

एका बेअरिंगवर ओरखडा पडला होता. ते पुन्हा आणलं. या वेळी क्रँक दोन बोटांनी फिरला. बाईंनीही एकदा फिरवून पाहिला आणि हात साडीच्या पदराला न पुसता माझ्या फडक्याला पुसला.

इंजिन गाडीत बसवायला आणखी नऊ दिवस लागले. चावी फिरवली तेव्हा बायकोही खाली आली होती. दोनदा नुसतंच घरघरलं, तिसऱ्यांदा सुरू झालं. जोडताना सगळीकडे चोपडलेलं ऑइल जळायला लागलं आणि पंधरा मिनिटं पार्किंग पांढऱ्या धुराने भरून गेलं. वरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मग धूर विरळ झाला आणि थांबला. बायकोने सीटवर बसून पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, आवाज ऐकला, म्हणाली, "बरंय." बाईंनी वहीत शेवटची खूण केली.

पुढे चार महिन्यांनी मला एका लहान कंपनीत काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी. मुलाखतीत मधल्या काळात काय केलंत असं विचारलं, तर मी इंजिन उघडल्याचं सांगितलं. समोरच्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

गाडी अजून चालते. ऑइल थोडं खाते, पण चालतं तेवढं.

गेल्या वर्षी बाई मुलीकडे कोल्हापूरला कायमच्या राहायला गेल्या. स्वारगेटला सोडायला मी गेलो. दोन बॅगा डिकीत आणि त्या पुढच्या सीटवर. कान देऊन गाडीचा आवाज ऐकत होत्या.

"तिसऱ्या गिअरला घरघर येतेय."

"गिअरबॉक्सची आहे."

"उघडलात का?"

"नाही. आता वेळ नसतो."

"हं," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. डेपोत कोल्हापूरची एसटी लागलेलीच होती.