इसेराच्या कातळाचा राखणदार

इसेरा टेकडीच्या माथ्यावर पुढे झुकलेला एक मोठा कातळ आहे. त्याच्या पोटाशी गेरूच्या रंगातली माणसं आहेत, लांबच लांब, काडीसारखी, एकमेकांचे हात धरून उभी. शेजारी हरणं आहेत, एक जिराफ आहे. ती कुणी काढली ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कातळ कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्वानाईदी आत्याचा. कुणाचं मूल झुरायला लागलं, कुणाची बाई वेड्यासारखं करायला लागली, पाऊस रुसला, की लोक तिच्या दारात यायचे. ती बाजरीची दारू गाळायची, काळं बोकड घेऊन वर चढायची, आणि चित्रांवर दारू शिंपडून, बोकडाची चरबी लावून त्यांच्याशी बोलायची.

पुरातत्त्व खात्यानं कातळाभोवती लोखंडी जाळी बसवली, तेव्हा राखणदार म्हणून निवडलं ते स्वालेहेला. तो आत्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा. घरचाच माणूस दारात असला की लोक ऐकतील, असा साहेबांचा हिशेब. सुरुवातीला काही बिघडलं नाही. आत्या यायची, स्वालेहे कुलूप काढायचा, बाजूला उभा राहायचा. परदेशी पाहुणे जीपमधून येऊन फोटो काढून जायचे ते वेगळ्या दिवशी.

मग एकदा खात्याच्या मुशीसाहेबांना कातळावर ओले ओघळ दिसले. ते ओरडले नाहीत. स्वालेहेला जवळ बोलावून त्यांनी बोटानं दाखवलं. "दारूनं रंग फुगतो. चरबीनं काळा पडतो. एकदा गेला की गेला, स्वालेहे. हे परत काढणारा कुणी जन्माला येणार नाही."

स्वालेहेला ते पटलं. लहानपणी त्यानं जिराफाची मान अख्खी पाहिली होती, आता खांद्याच्या वर नुसता डाग उरला होता. जाळी आत्यासाठीही बंद झाली. ती त्या वर्षी काही बोलली नाही. पाऊस ठीक झाला होता, कुणाला गरज पडली नाही.

नंतर मात्र पाऊस एकदा चुकला, पुढच्या साली पुन्हा चुकला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. गुरं ओढ्याच्या वाळूत तोंड घालून उभी राहायची. एका सकाळी आत्या काठी टेकत टेकडी चढून आली. मागे गावातले म्हातारे, एकानं बोकड धरलेलं, आणि झैतुनीच्या डोक्यावर दारूचं मडकं. झैतुनी म्हणजे आत्याच्या मागं मागं कायम असणारी विधवा.

"आत्या, आज नको," स्वालेहे म्हणाला.

"उद्या पाऊस पडतोय का? मग उद्या येते."

म्हातारे हसले. स्वालेहेनं जाळीवर हात ठेवला. "खात्याची माणसं येणार आहेत तपासायला. जे करायचं ते इथं, बाहेर कर ना."

"तू घास तोंडाबाहेर ठेवून जेवतोस का रे?"

"रंग उडतोय, आत्या. जिराफाची मान गेली, बघ की."

"गेली तर गेली. माझे दात गेले, म्हणून मी बोलायची थांबले का?"

"त्याला कशाला विचारता?" मागून कुणीतरी म्हणालं. "सरकारचा जावई तो. त्याला सासर सोडवत नाही."

स्वालेहेच्या मनात झुबेदा आली, दोन पोरं आली, गोठ्यात उरलेली एकुलती एक गाय आली. पगार गेला तर खायचं काय? "किल्ली साहेबांकडे आहे," तो म्हणाला.

आत्यानं त्याच्या खिशाकडे पाहिलं. किल्लीचा आकार कापडातून दिसत होता. "तुझ्या बापाला मी कडेवर वाढवला," ती म्हणाली. "त्यालाही खोटं बोलता यायचं नाही." आणि वळून म्हाताऱ्यांना म्हणाली, "चला खाली."

पाऊस आला तो उशिरा आणि नावापुरता, जमीन ओली करून गेला. त्याचा बोल लागला स्वालेहेला. विहिरीवर बायका झुबेदाची बादली बाजूला सारायच्या. "तुम्हाला काय, जाळीतून पाणी येत असेल घरी." गाय मेली. चावडीपाशी तो आला की गप्पा थांबायच्या. झुबेदा त्याला म्हणाली, "तू उघडली असतीस तर काय झालं असतं? पाऊस पडला नसता तरी माणसं तर आपली राहिली असती."

त्या उपासमारीच्या दिवसांत आत्यानं अंथरूण धरलं. स्वालेहे पिठाची घट्ट उगाली आणि पाल्याची भाजी घेऊन जायचा. ती झुबेदाच्या हातून खायची, त्याच्या हातून नाही. एकदा दोघंच असताना तो पायाशी बसला. "आत्या, वर काय म्हणायचीस ते शब्द तरी सांग मला."

ती छताकडे बघत होती. रागावलेली दिसत नव्हती. "कातळासमोर उभं राहिल्याशिवाय मला ते आठवत नाहीत."

"मग चल. उघडतो मी. पाठीवर नेतो तुला."

"बोकड कोण आणणार? दारू कोण गाळणार? माणसं येणार का तुझ्या हाकेला? एकटीनं जाऊन मी काय दगडाशी गप्पा मारू?" तिनं चादर ओढून घेतली.

तरी तो बसून राहिला. "आत्या, चुकलं माझं," असं त्याला म्हणायचं होतं. पण खरंच चुकलं का, तेच त्याला कळत नव्हतं. रंग तर खरंच उडत होता. थोड्याच दिवसांत ती गेली. दफनाला त्याला माती टाकू दिली लोकांनी. बोललं मात्र कुणी नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर मुशीसाहेब आले ते खुशीत होते. "आता नवा विचार आहे, स्वालेहे. नुसती चित्रं जपून भागत नाही. चित्रांशी जोडलेल्या चालीरीती, माणसं, सगळं जपायचं. पाहुण्यांनाही तेच बघायचंय. गावालाही त्यातला वाटा मिळेल. तुझ्या आत्याला बोलव. रंगापासून जरा लांब उभं राहून करू दे तिला तिचं."

"आत्या वारली, साहेब."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांना खरंच वाईट वाटलं, ते स्वालेहेला दिसलं, आणि त्यामुळे त्याला अधिकच भरून आलं. मग साहेब म्हणाले, "दुसरं कुणी असेल की जाणतं?"

झैतुनी अंगणात बाजरी पाखडत होती. मूठभरच होती. स्वालेहेनं सगळं सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही.

"कुणासाठी हवंय हे?"

"खात्यासाठी. म्हणजे गावासाठीच. पाहुणे येतील, गावाला काहीतरी मिळेल."

"आणि पावसासाठी?"

त्याला हो म्हणता आलं नाही.

"जा बाबा. मला काही येत नाही. मी नुसतं मडकं धरायची."

तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. तिनं दार लावून घेतलं.

शेवटी साहेबांनी शहरातून नाचणारी मंडळी आणली. त्यांच्या गळ्यात मण्यांच्या माळा होत्या, मडक्यात रंगीत पाणी होतं. बोकड एका खाटकाकडून मागून आणलं, खेळ झाल्यावर परत दिलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं दुभाष्याकडून स्वालेहेला विचारलं, गावातली माणसं का दिसत नाहीत? तो म्हणाला, कामाला गेलीत. गावात त्या दिवशी सगळे आपापल्या दारात बसून होते.

त्या आठवड्यात झुबेदा पोरांना घेऊन बाबातीला भावाकडे गेली. "तूही चल," म्हणाली. तो गेला नाही. का गेला नाही, ते त्यानं तिलाही सांगितलं नाही. कातळ सोडून जाणं म्हणजे आत्याला दुसऱ्यांदा परत पाठवणं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं.

ढग जमायच्या दिवसांत मुशीसाहेब जाळीला गंज चढला का ते पाहायला आले होते. दोघं वर उभे असताना पलीकडच्या टेकडीवर धूर दिसला. तिथल्या घळीतही काही फिकट चित्रं होती. गुरं राखायच्या वयात स्वालेहेनं ती पाहिली होती, आणि खात्याला कधी सांगितली नव्हती. वाऱ्याबरोबर बोकडाचं ओरडणं आलं, मग एका बाईचा चढा आवाज. तो झैतुनीचा होता. शब्द लागत नव्हते.

"धूर कसला तो?" साहेबांनी विचारलं.

"धसकटं जाळत असतील."

"एवढ्या वर शेत आहे?"

"पलीकडच्या उतारावर आहे एक तुकडा."

साहेब पुन्हा जाळीकडे वळले. स्वालेहे त्या टेकडीकडे बघत राहिला. गावातलं माणूस न् माणूस तिथं असणार. त्याला कळू नये म्हणून सगळ्यांनी किती जपलं असेल. झैतुनीला किती आठवत होतं, किती ती आपल्या मनानं म्हणत होती, ते आता त्याला कधीच कळणार नव्हतं. त्याला तिकडे धावत जावंसं वाटलं. गेला असता तर सगळे गप्प झाले असते.

खालून जीपचा भोंगा वाजला. पाहुणे आले होते. साहेब म्हणाले, "जा, उतरवून घे त्यांना." आणि तो वाट उतरायला लागला.