बाहीवरची हळद

अणुवीज केंद्रातली फरशी घासायचं यंत्र आम्ही डोंबिवलीत बनवलं, असं सांगितलं की लोक अजूनही हसतात. हसू देत. एमआयडीसीतला एवढासा कारखाना, मी तिथे डिझाइनला आणि माझा थोरला भाऊ त्या केंद्रात सफाईच्या तुकडीत. किरणोत्सारी पाणी सांडलं की दादा गुडघ्यांवर बसून ब्रशने घासायचा. तो घरी सुखरूप आला की आई देवापुढे साखर ठेवायची. म्हणून लांब दांड्याचं, घासता घासता मळ ओढून घेणारं यंत्र करायचं काम आलं, तेव्हा मी ते हट्टाने मागून घेतलं.

चाचणीला तसला मळ कुठून आणणार? आम्ही तेलात हळद कालवून फरशीला फासायचो. हळद जिथे लागते तिथे लपत नाही.

दसऱ्याला मालकांनी पहाटेच एकट्याने यंत्राची पूजा उरकली. आम्ही पोचलो तोवर यंत्र झेंडूच्या माळांत बुडालेलं. दुसऱ्या दिवशी शेवटची चाचणी आणि लगेच टेम्पो भरायचा होता. दादा सुट्टीवर कळव्याला घरी आलेला. पांढरा झगा, हातमोजे चढवून त्यानेच यंत्र चालवलं. फरशी लख्ख झाली, पण झगा उतरवताना त्याच्या बाहीवर पिवळा डाग दिसला.

"कालच्या पूजेची हळद असेल रे," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांना पटलं. मलाही पटवून घ्यायचंच होतं.

मालक म्हणजे एक वल्ली. चहा अर्धा कप, बोलणं त्याहून कमी. उशीर झाला तर बोलणी त्यांनाच खावी लागणार होती. डागाकडे बघत ते म्हणाले, "काल हळद नव्हती. होती ती सगळी तुम्ही चाचणीसाठी तेलात कालवून ठेवलेली. मी नुसतं कुंकू वाहिलं."

मग आम्ही मळ ओढणाऱ्या नळीचा दांड्याजवळचा सांधा उघडला. मोटर बंद केली की नळीत उरलेलं मळकं पाणी तिथून ठिबकत होतं, नेमकं दांडा धरणाऱ्याच्या मनगटावर.

"टेम्पो परत पाठवा," मालक ओरडले. "अरे, माणूस आत जाणार आहे!"

सांधा बदलून पुन्हा हळद फासली. या वेळी दादाची बाही कोरी पांढरी निघाली. मी भर कारखान्यात मालकांच्या पाया पडलो, तर ते चिडलेच. "वेड लागलंय का? यंत्र पुसा आधी!"

मी यंत्र पुसलं, डोळेही पुसले. पूजेत फक्त कुंकू होतं हे त्या एकट्या माणसाला ठाऊक होतं, आणि तो गप्प बसला नाही.